मिशनच्या वहीतली नोंद

२०२३ सालच्या सप्टेंबरपासून मराठवाड्यात ‘नोंद’ हा शब्द घरोघरी पोचला. मराठा आरक्षणाच्या मागणीतून न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निघाली आणि कचेऱ्यांमधली, शाळांमधली जुनी दप्तरं धूळ झटकून उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचता येणारा माणूस एकाएकी मोलाचा झाला. पणजोबांच्या नावापुढे त्या वेळच्या कारकुनाने काय लिहिलं, हे कळल्याशिवाय नातवंडांचं पुढचं पाऊल पडेना.

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अशीही कितीतरी कुटुंबं आहेत, ज्यांना पणजोबांची नोंद शोधायला कचेरीच्या आधी चर्चमध्ये जावं लागतं. साळवे, गायकवाड, त्रिभुवन, भालेराव, कसबे, पवार अशी त्यांची आडनावं. माणसं पुण्यात, मुंबईत, क्वचित परदेशात स्थिरावलेली. मूळ मात्र वैजापूर, गंगापूर, नेवासे, जालना या पट्ट्यातल्या एखाद्या खेड्यात. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत एखादं कुटुंब गाडी काढतं, सोबत गावाच्या खुणा ठाऊक असलेली आत्या किंवा मावशी असते, आणि कापूस-मक्याच्या शेतांमधून वाट विचारत मंडळी एका जुन्या देवळाशी येऊन थांबतात. देऊळच, या भागातले जुने ख्रिस्ती लोक चर्चलाही देऊळच म्हणतात. मग फादरांना किंवा पाळकसाहेबांना विनंती होते: “आमच्या आजोबांची नोंद बघायची होती.”

वंशावळीचं अप्रूप संभाजीनगर जिल्ह्याला नवं नाही. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. भोसल्यांचं घराणं तिथलं. मालोजीराजांची गढी दाखवायला गावातलं लहान मूलही पुढे होतं. त्या घराण्याच्या पिढ्या बखरींत, सनदांत, शिलालेखांत उतरल्या. गोदाकाठच्या पैठणला, तसंच नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. यात्रेला किंवा श्राद्धाला आलेला माणूस आपलं, वाडवडिलांचं, भावाबहिणींचं नाव त्यांत लिहून जायचा. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढून देतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ-संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्यांचं सूक्ष्मचित्रण केलं, इतकं त्यांचं मोल जगाने मानलं.

पण ज्यांना तीर्थाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांचं नाव त्या वहीत कुठून येणार? वतनदाराचे कागद वतनासाठी झाले, जमीनदाराचे जमिनीसाठी. गावकुसाबाहेरच्या माणसाचा उल्लेख गावकीच्या कागदात बहुधा त्याच्या जातीने आणि कामाने येतो. त्याच्या बायकोचं नाव, लेकरांची नावं, कोण कधी जन्मलं, हे लिहून ठेवायचं कारण कुणालाच वाटलं नव्हतं. अशा घरातल्या बाळाचं नाव, आईबापांचं नाव, गाव आणि तारीख एका ओळीत पहिल्यांदा लिहिली गेली ती मिशनच्या वहीत. मराठवाड्याच्या इतिहासात या वहीची जागा त्यामुळेच मोठी आहे.

ही वही ठेवायची पद्धत आली फार लांबून. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम काढला. कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा आणि लग्न यांच्या नोंदींची सक्ती केली आणि १६१४च्या विधिग्रंथाने त्यांचा साचा ठरवून दिला. पोर्तुगिजांसोबत हा साचा गोव्यात, वसईत, साष्टीत उतरला. कोकणपट्टीच्या ख्रिस्ती घराण्यांना म्हणूनच दोन-अडीचशे वर्षं मागे जाणं जमतं. गोव्याचं पुराभिलेखागार तर १५९५ सालापासूनचं. मराठवाड्यात मात्र ही वही उघडायला एकोणिसावं शतक निम्मं सरावं लागलं.

फ्रान्समधल्या ॲनसी गावी पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८ साली संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने धर्मगुरूंचा एक संघ काढला. त्या संघाचे लोक १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून मध्य भारतात पसरले. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली झाला, तो त्यांच्याच हाती होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मुलखात पोचले आणि वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावात त्यांनी ठाणं केलं. या कामातलं ठळक नाव फादर गुरियन जाकिए यांचं. फ्रान्समधून आलेला हा माणूस दोन दशकांहून अधिक काळ महार आणि मांग कुटुंबांमध्ये राहिला, मराठीतून शिकवत-बोलत राहिला, आणि त्यांची आठवण घोगरगावाने आजवर जपली आहे. आज संभाजीनगरमध्ये क्रांती चौकाजवळ जी सेंट फ्रान्सिस शाळा दिसते, तिच्या नावाचं मूळही ॲनसीच्या याच संघात आहे. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला १९७७ साल उजाडलं. तोवर खेड्यातल्या वह्या आधी नागपूरच्या, १९५५नंतर अमरावतीच्या छत्राखाली होत्या. शोध घेणाऱ्याला हे ठाऊक हवं, कारण वरच्या कचेरीचा पत्रव्यवहार त्या त्या काळच्या मुख्यालयाकडे गेलेला असतो.

आता वहीतली एक ओळ वाचू.

कॅथलिक वहीत अनुक्रमांक, जन्मतारीख, स्नानसंस्काराची म्हणजे बाप्तिस्म्याची तारीख, बाळाचं नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, राहण्याचं गाव, धर्मपिता आणि धर्ममाता, शेवटी धर्मगुरूची सही, असे रकाने असतात. जुन्या नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये. याकोबचा ‘जाकोबुस’ होतो, योहानाचा ‘योआनेस’, पेत्राचा ‘पेत्रुस’. घरात ज्याला सगळे सखाराम म्हणत, तो इथे भलत्याच नावाने भेटतो. परदेशी माणसाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आडनाव रोमन अक्षरांत उतरलेलं असतं, म्हणून एकाच घराचं आडनाव वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळं दिसतं. नावावर अडून बसण्यापेक्षा गाव, आईचं नाव आणि तारीख यांची सांगड घातली की वाट सापडते.

आईचं नाव हीच खरी किल्ली. सरकारी कागदात माणूस बापाच्या नावाने चालतो. सातबारावर, शाळेच्या दाखल्यावर जुन्या काळी आई क्वचितच असायची. स्नानसंस्काराच्या वहीत मात्र तिच्यासाठी रकाना ठरलेला. पणजीचं नाव घरात कुणालाच आठवत नसतं आणि ते अचानक निळसर-तपकिरी शाईत समोर येतं, तेव्हा सोबत आलेल्या म्हाताऱ्या आत्याचे डोळे भरून येतात. त्या घराला आपली पणजी लिखित स्वरूपात पहिल्यांदा भेटत असते.

धर्मपिता आणि धर्ममाता हेही नुसते साक्षीदार नसत. ते बहुधा मामा, मावशी, आत्याच्या घरचे किंवा भावकीतले असत. दहा-बारा नोंदींतले हे दोन रकाने ओळीने वाचले, तर कोणतं घर कुणाच्या सोयरिकीतलं होतं, कुठल्या गावची माणसं कुठे येऊन राहिली, याचा नकाशा उभा राहतो. वरचेवर येणारं एखादं नाव असतं मास्तरांचं. मिशनची शाळा चालवणारा, लोकांना प्रार्थना शिकवणारा, फादर महिन्याकाठी फिरतीवर येईपर्यंत सगळं सांभाळणारा हा गावातलाच माणूस. या भागातली ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती या मास्तरांच्या पायपिटीवर, आणि नोंदीचा तपशील फादरांना सांगायलाही बहुतेक वेळा तेच असत.

आणि एक गोष्ट नवख्या माणसाच्या नजरेतून हमखास सुटते: समास. १९०७ साली रोमहून निघालेल्या ‘ने तेमेरे’ या आदेशाने असं ठरलं, की माणसाचं लग्न कुठेही लागो, त्याची खबर त्याच्या स्नानसंस्काराच्या चर्चला कळवायची आणि तिथल्या मूळ नोंदीशेजारी ती लिहायची. म्हणजे १९०३ साली खेड्यात जन्मलेली मुलगी पुढे मुंबईत लग्न करून गेली असेल, तर तिच्या जन्माच्या ओळीलगत समासात नवऱ्याचं नाव आणि लग्नाचं ठिकाण मिळू शकतं. हरवलेली आत्या कुठे नांदायला गेली, याचा पत्ता त्या चिंचोळ्या जागेत असतो.

प्रॉटेस्टंट घराण्यांची वाट वेगळी. ती जालन्याकडे आणि नगरकडे वळते.

नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण घरातले. मुंबईत १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला म्हणून कोर्टात खटला झाला, आणि त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी रोष पत्करला, हे मराठी वाचकाला ठाऊक असेल. त्याच नारायण शेषाद्रींनी पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्यात काम सुरू केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवली आणि बेथेल नावाचं गाव वसवलं. गावकुसाबाहेरच्या माणसांना स्वतःचं गाव, स्वतःची विहीर, स्वतःची शाळा असावी, हा त्यामागचा विचार होता. १८७३ साली न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत पागोटं घातलेले शेषाद्री बोलायला उभे राहिले, तेव्हा बेथेलची कहाणी अटलांटिकपलीकडे पोचली. ज्यांचे पूर्वज बेथेलला येऊन वसले, त्यांच्या घराचा आरंभ शोधायचा तर जालन्याच्या वहीबरोबर एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले स्कॉटिश मिशनचे कागदही बघावे लागतात.

नगरचा रस्ता अमेरिकन मराठी मिशनचा. हे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. ‘ज्ञानोदय’ हे त्यांचं नियतकालिक १८४२ साली तिथेच सुरू झालं. मंडळ्यांच्या बातम्या, निधनवार्ता, नेमणुका यांसाठी त्याच्या जुन्या फायली म्हणजे खजिनाच. नगरहून संभाजीनगरला येताना वाटेत लागणारं नेवासे तालुक्यातलं वडाळा हे या मिशनचं मोठं ठाणं. खुद्द औरंगाबादेत इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नवरोजी या पारशी घरातून आलेल्या पाळकांनी दीर्घकाळ सांभाळलं. अमेरिकन मिशनचे कागद आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत, चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात. वैजापूर, जालना आणि नेवासे या तीन तालुक्यांच्या साध्या शेतमजूर घरांची माहिती अशी चार देशांत विखुरलेली आहे, आणि तिचं मूळ टोक अजून खेड्यातल्या लाकडी कपाटात आहे.

१९७० साली नागपूरला सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात मंडळ्यांची नावं बदलली, वह्यांचे ताबेही बदलले. एखाद्या गावच्या वहीचा पत्ता लागत नसेल, तर ती नव्या धर्मप्रांताच्या कचेरीत, जुन्या मिशन हॉस्पिटलच्या कपाटात किंवा शेजारच्या मोठ्या मंडळीत गेली आहे का, हे विचारायला हवं.

शोध अडतो तो दुष्काळाशी. १८७६ ते १८७८चा दुष्काळ, मग १८९६-९७चा, लगेच १८९९-१९००चा. गावंच्या गावं रोजगार हमीच्या आधीच्या काळातल्या खडीकामावर गेली, माणसं रस्त्यात मेली, पोरं अनाथालयांत आली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात शेवटच्या दोन दुष्काळांत दूरदूरच्या मुली आणल्या गेल्या. अशा मुलांच्या नोंदीत नाव नवं, वय अंदाजाने लिहिलेलं, आईबापांचा रकाना कोरा. तिथे वंशावळ थांबते. ज्यांचा शोध त्या कोऱ्या रकान्यापाशी संपतो, त्यांनी तो अपुरा मानू नये. एका पोराला दुष्काळाने बेवारस केलं आणि तरी ते जगलं, एवढी हकिगत त्या कोरेपणात आहे.

हा शोध घेत या मुलखात परदेशी माणसंही येतात. औरंगाबाद आणि जालन्याला हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्या होत्या. १८५७ साली औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळात बंड झालं, त्याची स्मृती क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याने जपली आहे. त्या छावण्यांतल्या इंग्रज आणि अँग्लो-इंडियन घरांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नकला बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या मालिकांत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. थिऑन विल्किन्सन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये दक्षिण आशियातल्या जुन्या कबरस्तानांसाठी संस्था निघाली आणि तिने शिळांवरचे मजकूर उतरवून घ्यायचं काम हाती घेतलं. गोऱ्या शिपायाच्या पणतूला लंडनमध्ये बसूनही बरंच सापडतं. घोगरगावच्या मजुराच्या पणतूला मात्र गावीच यावं लागतं.

अजिंठ्याला या दोन्ही वाटा एकत्र येतात. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला १८४४ साली नेमलेले मेजर रॉबर्ट गिल तिथे वर्षानुवर्षं राहिले. त्यांची बहुतेक चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या १८६६च्या आगीत जळाली. १८७९ साली ते वारले, कबर भुसावळला आहे. त्यांच्यासोबत राहिलेल्या पारूची कबर अजिंठा गावात आहे आणि शिळेवर २३ मे १८५६ ही तारीख आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्याने ती मराठी मनात पोचवली. गिल यांचा जन्म, नोकरी, बढती सगळं इंग्रजी दप्तरात मिळतं. पारूसाठी तेवढा एक दगड.

घरांच्या फांद्या पुढे आणखी पसरल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि मराठवाड्यातली असंख्य कुटुंबं त्यांच्या मागोमाग बौद्ध झाली. औरंगाबादला तर बाबासाहेबांनी १९५० सालीच मिलिंद महाविद्यालय सुरू केलेलं होतं. त्यामुळे आज एकाच आडनावाची, एकाच गावची एक भावकी बौद्ध, दुसरी ख्रिस्ती, तिसरी हिंदू असं चित्र दिसतं, आणि तिघांचा खापरपणजोबा एकच असतो. त्याचं नाव सापडण्याची शक्यता ज्या एका ठिकाणी आहे, ती मिशनची वही म्हणजे तिन्ही घरांचा सामायिक ठेवा आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलतींतून ख्रिस्ती कुटुंबं वगळली गेली. तेव्हापासून या वहीकडे बघताना पुष्कळांच्या मनात एक धास्तीही असते. वंशावळ शोधणाऱ्या नातवाला ती धास्ती समजली पाहिजे. मोठी माणसं काही प्रश्नांना उत्तर द्यायचं का टाळतात, याचं कारण बऱ्याचदा तिथे असतं.

गावी जाण्याआधी थोडी तयारी करावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून नावं, टोपणनावं, गावं, मामाचं गाव, देवळाचं नाव लिहून घ्यावं. फादरांना किंवा पाळकांना आधी पत्र लिहावं किंवा फोन करावा. रविवारी उपासनेच्या वेळी जाऊन वही मागू नये. वहीत दत्तकविधानासारख्या खासगी गोष्टीही असतात, म्हणून पूर्ण वही हातात न देता हवा तो उतारा काढून देण्याचा धर्मगुरूचा अधिकार मान्य करावा. नोंद मिळाली की दफनभूमीतही एक फेरी मारावी. सिमेंटच्या क्रुसावर खिळ्याने कोरलेलं नाव कधी कधी वहीपेक्षा स्पष्ट असतं.

वह्यांची स्थिती मात्र काळजीची आहे. जुनी शाई कागद खाते, वाळवी पुठ्ठ्यापासून सुरुवात करते, गळक्या छपराखालचं एक पावसाळी वर्ष शंभर वर्षांचं लिखाण पुसू शकतं. प्रेमापोटी कुणी पानं प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतो. ते कधीच करू नये, कारण प्लास्टिक कागदापासून पुन्हा सुटं होत नाही. करायचं ते सोपं आहे. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशविना, समासासकट प्रत्येक पानाचं छायाचित्र घ्यावं. एक प्रत गावच्या चर्चकडे, दुसरी धर्मप्रांताच्या कचेरीत, तिसरी एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात ठेवावी. शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आणि दोन्ही परंपरांच्या धर्मप्रांतांनी मिळून हे काम अंगावर घ्यावं. कुणबी नोंदींसाठी सरकार मराठवाड्यातलं दप्तर दप्तर धुंडाळू शकतं, तर ज्यांच्या नावाची दुसरी नोंदच कुठे नाही, त्यांच्या वह्यांसाठी एवढं करायलाच हवं. आणि ते येत्या पावसाळ्याच्या आत सुरू व्हायला हवं.